भांगाच्या रेषेखाली

उत्कर्षाच्या पत्राला मी उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र मागच्या उन्हाळ्यात आलं. हाताने लिहिलेलं पत्र हल्ली मला कुणी पाठवत नाही, त्यामुळे पोस्टमनने अंगणातून माझं नाव पुकारलं तेव्हा माझ्यापेक्षा आमचे घरमालक गेणबा यांनाच जास्त नवल वाटलं. उत्कर्षा माझी जुनी विद्यार्थिनी. मी मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवत असे, आणि ती माझ्या शेवटच्या काही तुकड्यांपैकी एकीत होती. आता ती मेंदूविकारांची डॉक्टर आहे, नाशिककडे असते. गावोगावच्या आशाताईंसाठी ती एक पुस्तिका तयार करत होती. बाळंतिणीचं डोकं दुखत असेल तर कधी थांबायचं आणि कधी धावायचं, एवढाच तिचा विषय. त्यातलं एक प्रकरण मी लिहावं असं तिचं म्हणणं होतं: मेंदूतलं रक्त बाहेर कसं जातं आणि ते अडलं तर काय होतं. शेवटी लिहिलं होतं, 'सर, तुम्ही शिकवलं होतं तसंच लिहा.'

अडचण तिथेच होती. मी कसं शिकवत असे ते मला चांगलं आठवत होतं. मी फळ्याकडे तोंड करून शिकवायचो. आकृती काढायला घेतली की निदान पंधरा-वीस मिनिटं मुलांकडे बघावं लागत नसे, म्हणून माझ्या आकृत्या फार तपशीलवार असत. शिवाय मी रुग्ण तपासणारा डॉक्टर नव्हे. इंटर्नशिप संपल्यावर जिवंत माणसाच्या नाडीला मी जबाबदारीने हात लावला नाही. माझे मेंदू फॉर्मॅलिनच्या बरण्यांतले. त्यांची डोकी दुखत नाहीत. अशा माणसाने आशाताईंना काय सांगायचं? मी बऱ्याचदा कागद पुढे ओढला, पण दरवेळी पहिल्याच वाक्यात लॅटिन नावं शिरली. शेवटी पत्र एका जाड पुस्तकात ठेवलं आणि पुस्तक कपाटात.

मी नेऱ्यात राहतो. मुलगा शैलेश महाळुंग्याला असतो. त्याच्या फ्लॅटमध्ये माझी पुस्तकं मावली नाहीत, आणि पुस्तकांशिवाय मीही तिथे नीट मावलो नाही. म्हणून गेणबांच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या या दोन खोल्या. नेऱ्यातली बरीच घरं आता अशीच आहेत, खाली मालक आणि वर हिंजवडीत कामाला जाणारी मुलं. गेणबांनी पुष्कळ जमीन विकली, पण ओढ्याकडची भाताची खाचरं ठेवली. तांदूळ विकत आणून खाणारा माणूस कुठेही राहिला तरी पाहुणाच, असं त्यांचं मत आहे. हे ते माझ्याकडे बघून सांगतात.

या एप्रिलमध्ये त्यांची सून साधना बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, पौडला झालं होतं. हे दुसरं, म्हणून सासरी. सिझेरियन झालं, मुलगी झाली. थोरल्या लेकीला आजोळी ठेवलं होतं, त्यामुळे घरात सगळं लक्ष बाळंतिणीकडे होतं.

गेणबांच्या पत्नी गोजराबाई यांनी बाळंतिणीची खोली मन लावून सजवली होती. खिडकीला जाड चादर. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि शेपा. साधनाच्या डोक्याला कानांवरून घट्ट बांधलेला रुमाल. त्या दिवसांत दुपारी जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावला तर चटका बसत होता, पण बाळंतिणीच्या खोलीला ऋतू नसतो. पाण्याची शिस्त तर फारच कडक. ओवा घालून उकळलेलं पाणी, तेही अर्धं फुलपात्र, आणि गोजराबाईंच्याच हातून. जास्त पाणी प्यालं की बाळंतिणीचं पोट सुटतं, दूध पातळ होतं, बाळाला सर्दी होते. त्यांच्या सासूबाईंनी त्यांना असंच सांभाळलं होतं. डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलंय, असं त्यांचा मुलगा अमोल एकदा म्हणाला, तेव्हा पोर रडल्यावर उठायला डॉक्टर येणार आहेत का, असं विचारून त्यांनी तो विषय संपवला.

डोकेदुखीचं मला लाडवांमुळे कळलं. गोजराबाई डिंकाचे लाडू घेऊन वर आल्या आणि सांगून गेल्या की पोरीचं डोकं लई दुखतंय. अमोलने दवाखान्यात फोन केला होता. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता, त्या सुईने काही दिवस डोकं दुखतं, आडवं पडून राहिलं की बरं वाटतं, असं तिकडून सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. सुईच्या छिद्रातून मेंदूभोवतीचं पाणी थोडं झिरपतं, मग उठून बसलं की मेंदूचा आधार कमी पडतो आणि डोकं दुखतं. पुष्कळ बाळंतिणींचं असं होतं आणि आपोआप बरं होतं. मी मान डोलावली आणि लाडू खाल्ला.

दोन-तीन दिवसांनी सकाळी पेपर घ्यायला खाली गेलो, तर साधना पडवीत चटईवर बसलेली. भिंतीला पाठ लावून, मान ताठ, डोळे मिटून. बाळ आत झोपलं होतं. मी विचारलं, "कसं आहे डोकं?"

"ठणकतंय, सर. आडवं झालं की जास्त. खोकला आला तरी कळ येते. बसलं की जरा बरं वाटतं, म्हणून पहाटेपासून हितंच बसलीय." डोळे न उघडताच ती पुढे म्हणाली, "वाकलं की डोळ्यापुढं क्षणभर काळं होतं."

मी पेपर न घेताच वर आलो.

मेंदूत रक्त चढवायला हृदयाला जोर लावावा लागतो. उतरवायला तेवढा जोर लागत नाही. आपण बसलेले किंवा उभे असलो की उतार त्यातलं बरंचसं काम करतो. मेंदूच्या शिरांमध्ये, रक्त मागे फिरू न देणाऱ्या झडपा नसतात. भांग पाडताना कंगवा ज्या रेषेवरून जातो, तिच्याच खाली, कवटीच्या आतल्या बाजूने, एक मोठी शीर पुढून मागे जाते. मेंदूच्या वरच्या भागातल्या लहान शिरा आपलं वापरलेलं रक्त तिच्यात आणून सोडतात. डोक्याच्या मागे ती डावी-उजवीकडे वळते, कानांमागून खाली येते आणि कवटीतून बाहेर पडून मानेत उतरते. लोक बोलतात ते धमन्यांबद्दल. धमनी तुंबली, धमनी फुटली. आत येणाऱ्याची सगळ्यांना काळजी, बाहेर जाणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण ही बाहेरची वाट रक्ताच्या गुठळीने अडली तर मागे रक्त साचतं, डोक्यातला दाब वाढतो. आडवं झालं की उतारही जातो, आणि दाब आणखी वाढतो. सुईच्या डोकेदुखीत बसलं की दुखतं आणि झोपलं की थांबतं. साधनाचं नेमकं उलटं होतं. तिला काही माहीत नव्हतं, पण तिने आपला उतार शोधून काढला होता.

हे सगळं मला माहीत होतं. हेही माहीत होतं की जागरणं झालेल्या बाईचं डोकं शंभर कारणांनी दुखतं, आणि मी शरीररचनेचा निवृत्त मास्तर आहे. मी ते जाड पुस्तक काढलं. पत्र आत होतं. वर उत्कर्षाचा फोन नंबर होता. जिच्या पत्राला वर्षभर उत्तर दिलं नाही तिला आपली गरज लागली म्हणून फोन करायचा, हे मला जमेना. पुस्तक मिटलं.

दुपारी धीर करून खाली गेलो. गोजराबाई पायरीवर लसूण सोलत होत्या. साधनाला पुन्हा डॉक्टरांना दाखवावं आणि पाणी जरा सढळ द्यावं, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझं नीट ऐकून घेतलं.

"सर, तुमी पुस्तकातलं मानूस. बाळंतपन पुस्तकात न्हाई हुत," त्या म्हणाल्या. "आन् सुईनं दुखतंय म्हनून डॉक्टरनंच सांगितलंय की."

"हो, तसंही असेल," मी म्हणालो आणि जिना चढून वर आलो. 'हो, तसंही असेल' हे माझं आयुष्यभराचं वाक्य आहे. त्याने कधी भांडण झालं नाही.

त्या दिवशी दिवे लागायच्या वेळी खाली फुलपात्र पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ गोजराबाईंची हाक. मी गेलो तेव्हा साधना बाजेवर बसली होती. तिच्या उजव्या हाताची बोटं आपोआप उडत होती. थोड्या वेळाने ते उडणं थांबलं, आणि मग तो हात मांडीवर नुसता पडून राहिला. तिला तो उचलता येईना. ती त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तशी बघत होती. गोजराबाईंनी मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या होत्या. पोरीला बघायला बायका येऊन गेल्या, त्यातल्याच कुणाची तरी दृष्ट लागली, असं त्यांचं म्हणणं होतं.

"दृष्ट नंतर काढा," मी म्हणालो. "आधी गाडी काढा."

गेणबांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. त्या घरात इतक्या वर्षांत माझा असा आवाज कधी जिन्याखाली आला नव्हता. अमोल मात्र चावी घ्यायला धावला.

जाताना मी वर जाऊन पत्र खिशात घातलं. गाडीत साधनाला आडवं करू नका, एवढंच मागे बसलेल्यांना सांगितलं. गोजराबाईंनी एका हाताने बाळ धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने सुनेचं डोकं आपल्या खांद्याला टेकवून ठेवलं होतं. गेणबा मागून स्कूटरवर येत होते. हिंजवडीत ऑफिसं सुटली होती, गाड्या चालण्यापेक्षा उभ्याच जास्त होत्या. त्या गर्दीत मी उत्कर्षाला फोन लावला.

"मी विठ्ठलराव बोलतोय. शरीररचनेचा."

"बोला सर," ती म्हणाली. मी काल तिचा तास घेतला असावा अशा सहजपणे.

मी सांगितलं. तिने मोजकंच विचारलं. बाळंतपण कधी झालं, आडवं झाल्यावर वाढतं का, डोळ्यांचं काय, हाताचं काय, पाणी किती पिते. मग म्हणाली, "साधा सीटी स्कॅन कधी स्वच्छ येतो, कधी अर्धंच सांगतो. त्यावर थांबू देऊ नका. शिरांचा एमआरआय करायला सांगा. आणि सर, 'मला आपली शंका' असं म्हणू नका. तुम्ही नेहमी तसं म्हणता."

पत्राबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

बाणेरच्या बाजूच्या त्या रुग्णालयात निषाद नावाचा एक तरुण मेंदूविकारतज्ज्ञ होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि एका दमात म्हणालो की बाळंतपणानंतरची डोकेदुखी आहे, झोपल्यावर वाढते, हाताला झटके आलेत, शिरांचा एमआरआय करा. 'असं मला वाटतं' हे मी गिळलं. तो म्हणाला, "तेच करतोय, सर. आत नेलंय त्यांना." मी बाकावर जाऊन बसलो.

थोड्या वेळाने त्याने आम्हाला पडद्यावर चित्र दाखवलं. भांगाच्या रेषेखालची ती शीर पांढऱ्या पट्ट्यासारखी सलग दिसायला हवी होती. ती मध्येच तुटली होती आणि मागे कुठेतरी पुन्हा सुरू होत होती. मधल्या भागात गुठळी. डाव्या बाजूला, हात हलवणाऱ्या भागाजवळ, रक्ताचा एक लहानसा डाग होता. मी ही शीर शेकडो वेळा उघडून मुलांना दाखवली होती. बंद झालेली जिवंत माणसात कधी पाहिली नव्हती.

निषाद म्हणाला, हेपॅरिन सुरू करावं लागेल, रक्त गोठू न देणारं इंजेक्शन. घरच्यांची सही हवी.

तिथे सगळं अडलं.

"रक्त सांडलंय म्हनता," गेणबा म्हणाले, "आन् वर रक्त पातळ करायची सुई देता? आमी काय येडी हाव?"

त्यांच्या बोलण्याला आधार होता. त्यांच्या थोरल्या भावाला, एकनाथला, हृदयाच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या होत्या. एकदा विळा लागला तर त्याचं रक्त थांबता थांबेना, दवाखान्यात न्यावं लागलं होतं. ते गेणबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. निषादने दोनदा समजावलं, टक्केवारीसुद्धा सांगितली. गेणबांचा चेहरा आणखी बंद झाला. गोजराबाई म्हणू लागल्या की दुसऱ्या दवाखान्यात नेऊ, ओळखीचा माणूस बघू. अमोल हातात पेन धरून वडिलांकडे बघत होता. सही त्याची लागणार होती, पण त्या घरात गेणबांनी मान हलवल्याशिवाय सही होत नाही. निषादने मला बाजूला घेऊन सांगितलं की गुठळी पुढे सरकतेय, उशीर केला तर हातावर भागणार नाही, ती बेशुद्ध होईल. मग त्याला दुसऱ्या रुग्णाकडे बोलावलं म्हणून तो गेला.

गेणबा माझ्याकडे वळले. "सर, तुमी सांगा. तुमी ह्येच शिकवायचा ना?"

मी सुरुवात केली, "मेंदूच्या नीलांमधून..." आणि त्या तिघांची तोंडं पाहून थांबलो. एरवी मी फळ्याकडे वळलो असतो. त्या व्हरांड्यात फळा नव्हता. समोर गेणबा होते, पायात धुळीने भरलेल्या चपला, दुपारी खाचरावरून आले तशाच.

"गेणबा," मी म्हणालो, "पावसात वरच्या खाचराचं पाणी खालच्यात उतरतं, ते तोंड गाळाने बुजलं तर काय होतं?"

"काय व्हनार? खाचर भरतंय."

"आणि वरून पाणी येतच राहिलं तर?"

"मंग बांध फुटतुया."

"फुटून पाणी बाहेर सांडलं. ते पाणी पातळ होतं म्हणून सांडलं का?"

हा प्रश्न त्यांना आवडला नाही. "पान्याचा काय संबंध? तोंड बुजलं म्हनून फुटला."

"मग तुम्ही आधी काय करता? बांध लिंपता?"

"आदी तोंड मोकळं कराय लागतंय. न्हाईतर लिंपलेला बांध पुन्यांदा फुटतुया, आन्..." ते बोलता बोलता थांबले. बंद दाराकडे बघत राहिले. दारामागे साधना होती. मग म्हणाले, "म्हंजी ही सुई गाळ काढती."

हो म्हणालो असतो तर तिथेच संपलं असतं. पण ते खरं नव्हतं. "सुई गाळ काढत नाही," मी म्हणालो. "नवा बसू देत नाही. जुना गाळ शरीर आपणहून हळूहळू काढतं, पण त्याला तेवढी उसंत मिळायला हवी."

"आन् सांडलेलं रक्त वाढलं तर?"

"वाढूही शकतं. तो धोका आहे. सुई न देण्याचा धोका त्याहून मोठा आहे."

गेणबा माझ्या जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची सून असती, तर तुमी दिली असती?"

हो, तसंही असेल, हे वाक्य सवयीने वर आलं. ते इथे कुठेच बसत नव्हतं.

"दिली असती," मी म्हणालो. "आत्ता, याच क्षणी."

गेणबांनी अमोलकडे पाहून मान हलवली.

पुढचं सगळं सावकाश झालं. पोटावर सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन, शिरेतून सलाइन, पुन्हा झटके येऊ नयेत म्हणून गोळ्या, आणि उशाशी पाण्याची मोठी बाटली. गोजराबाईंना दुधाची धास्ती होती. या औषधाने आईचं दूध बंद करावं लागत नाही, असं निषादने सांगितल्यावर त्यांनी बाळ सुनेच्या कुशीत दिलं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू वर करून घेतली. आधी साधनाची डोकेदुखी उतरू लागली. हात शेवटी आला. अंगठा हलला, मग बोटं, आणि एका सकाळी तिने बाळाचं दुपटं स्वतः घडी घालून ठेवलं. ती घडी वाकडी होती. गोजराबाईंनी ती कुणाला मोडू दिली नाही.

घरी सोडताना निषादने गोळ्या काही महिने चालू ठेवायला सांगितल्या. पाळणा लांबवायच्या हार्मोनच्या गोळ्या तिने यापुढे घ्यायच्या नाहीत, आणि पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगायचं. साधनाने ते अमोलकडून दोनदा म्हणून घेतलं.

शेगडी मागच्या अंगणात गेली होती, खिडकीवरची चादर निघाली होती. एका संध्याकाळी गोजराबाई गच्चीवरचे कपडे काढायला आल्या. मी खुर्ची टाकून बसलो होतो. कपडे खांद्यावर घेऊन त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"सर, माज्या पान्यानं झालं का ह्ये?"

बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून निसर्गच बाईचं रक्त लवकर गोठेल असं करून ठेवतो, आणि ते काही आठवडे तसंच राहतं, असं मी सांगितलं. त्यात ऑपरेशन, पडून राहणं, उन्हाळा, शेगडीचा घाम. "एकट्या पाण्याने नाही झालं," मी म्हणालो. "पण पाणी कमी पडलं, हेही त्यातलं एक आहे."

त्यांनी हातातले चिमटे एकेक करून दोरीला परत लावले. मग म्हणाल्या, "मला माज्या सासूनं सांगितलं. तिला तिच्या. आमाला दुसरं सांगितलंच कुनी?" त्यात राग नव्हता. जिन्याकडे वळताना त्यांनी माझ्या उघड्या दारातून दिसणाऱ्या कपाटाकडे बोट केलं. "एवडी पुस्तकं हायेत तुमच्याकडं. त्यातलं आमच्यासाठी कंचं हाय?"

त्याच संध्याकाळी मी लिहायला बसलो. पहिलं वाक्य असं होतं: 'भांग पाडताना कंगवा ज्या रेषेवरून जातो, तिच्याच खाली, हाडाच्या आत, एक मोठी शीर असते.' त्यात लॅटिन शिरायला जागा नव्हती. पुढे खाचर आलं, गाळ आला, बांध आला. गेणबांनी विचारलेला प्रश्नही मी घातला, कारण तो आणखी कुणीतरी विचारणारच. पाण्याबद्दल लिहिताना बराच थांबलो. सासवांना दोष देणारी ओळ दोनदा लिहिली आणि दोनदा खोडली. शेवटी एवढंच ठेवलं की बाळंतिणीला तहान लागेल तेवढं पाणी द्या, उन्हाळ्यात न मागताही द्या. त्याने दूध पातळ होत नाही आणि पोट सुटत नाही.

पाठवण्याआधी ते कुणालातरी वाचून दाखवावं असं वाटलं. मी खाली गेलो. साधना पडवीत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, जवळ तांब्या-भांडं. मी वाचलं. माझं वाचन चांगलं नाही, मी कागदाकडेच बघून वाचतो. तिने मध्ये कुठेही अडवलं नाही.

"कळलं का?" मी विचारलं.

"कळलं. पण एक राहिलंय, सर." तिने बाळाची मान सावरली. "आडवं झाल्यावर वाढतं का, हे पहिल्यांदा विचारा, असं लिहा. दुखतंय का, ते सगळ्यांनी विचारलं. आडवं झाल्यावर काय होतं, ते कुणीच नाही. तुम्हीसुद्धा नुसतं 'कसं आहे डोकं' म्हणालात. मी आपली सांगून बसले."

"सुनेनं सरांचा पेपर तपासला," आतून गोजराबाई म्हणाल्या. "किती मार्क दिलंस गं?"

मी वर जाऊन तो प्रश्न पहिल्या पानावर, सगळ्यांच्या वर, मोठ्या अक्षरात लिहिला. मग वेगळ्या कागदावर पत्र लिहिलं. चि. उत्कर्षा, तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. प्रकरण सोबत पाठवतो आहे. शिकवलं होतं तसं ते नाही. साधना बरी आहे. तिची मुलगी आता मान धरू लागली आहे. बाकी काही सुचलं नाही, म्हणून सही केली.

गेणबा हिंजवडीला बियाण्याच्या चौकशीला निघाले होते. त्यांनी मला स्कूटरवर मागे घेतलं. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते आणि रस्त्याकडेच्या शेतांत काळे चौकोन दिसत होते. पोस्टात पंख्याखाली रांग होती. माझी पाळी आली तेव्हा खिडकीतल्या माणसाने पाकीट हातात घेऊन तोललं आणि आत काय आहे ते विचारलं.

"कागद," मी म्हणालो.

त्याने ते वजनकाट्यावर ठेवलं, स्पीड पोस्टचं लेबल चिकटवलं, पावती दिली. दुसऱ्या पानावरचा एक शब्द बदलायला हवा होता असं मला तेवढ्यात वाटलं. मी हात पुढे केला, पण त्याने पाकीट मागच्या पिशवीत टाकलं होतं आणि तो माझ्या मागच्या माणसाकडे बघत होता.